दाजींची बस आणि कुंभार्लीची वळणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. दाजींनी मला कुंभार्ली घाट मोजून यायला पाठवलं होतं. मी घाटमाथ्यापर्यंत गेलो, चहा प्यायलो आणि परत आलो. खाली उतरलोच नाही. घरी येऊन मात्र सांगितलं, की मोजला, आपली गाडी जात नाही.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. शिरूरला राहतो, आणि शिक्रापूरच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवण्यात माझी उमेद गेली. स्टेअरिंगवरच्या माणसाला गप्प बसायला चांगलं निमित्त मिळतं. दाजी बरोबर उलटे होते. त्यामुळं त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे बोलणं आलंच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहणार खुटबाव, तालुका दौंड. ऊस, म्हशी, सोसायटीचं संचालकपद आणि मोटारीच्या आवाजावर मात करणारा गळा. माझे ते दाजी, हे नात्यानं बरोबरच. पण त्यांचा आग्रह असा, की साऱ्या दुनियेनं त्यांना दाजीच म्हणावं. कुणी अनोळखी माणूस 'काका' म्हणाला की लगेच दुरुस्ती, "काका न्हाई, दाजी म्हना." समोरचा म्हणूनही टाकायचा. आपण याला आपली बहीण देऊन बसलो, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत दाजी पुढच्या चौकात पोचलेले असत. चौफुल्याला एकदा मी चालवत असलेली दाजींची जीप हवालदारानं अडवली आणि शेजारी बसलेल्या दाजींना म्हणाला, "ओ मामा, पट्टा कुठाय?" दाजी खिडकीतून बाहेर वाकून म्हणाले, "मामा तर तुमी. आमी दाजी." हवालदार पोट धरून हसला. पावती मात्र फाडलीच.

"साऱ्या तालुक्याच्या बहिणी माझ्याच घरात नांदाया आल्यात जनू," अक्का म्हणायची.

दाजींची दुसरी ख्याती म्हणजे त्यांची साखर. मला साखर हाय, मला दर तासाला जावं लागतं, असं ते लग्नात, मयतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठंही मोठ्यांदा जाहीर करत. राहूला एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत होते. दाजी एकदम ताडकन उठले. "लागली! आमाला लागली! सरका, वाट द्या!" सगळी पंगत खो खो हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "दाजी, जिलबी तरी संपवा." दाजी म्हणाले, "जिलबीमुळंच हाय हे." आणि त्या हसण्याच्या आडून, बायकांच्या पंगतीतून अक्का कधी उठली आणि कधी मांडवाबाहेर गेली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दाजींना साखर नव्हती. जिलबीच्या दोन ताटांना ते भारी होते. त्रास अक्काला होता. एका ऑपरेशननंतर तिला लघवी धरवत नसे. हे घरात आम्हा तिघा-चौघांनाच ठाऊक. बाहेर तिनं कुणाला कळू दिलं नाही आणि दाजींनी तर ते सगळं स्वतःच्याच नावावर घेतलं. हळूहळू अक्कानं गाड्यांत बसणंच सोडलं. शिरूरला माहेरी येणं बंद झालं. न्हावऱ्यावरून यायचं तर वाटेत कुठं थांबायचं, हाच तिचा पहिला प्रश्न असायचा. लग्नांना दाजी एकटे जाऊ लागले आणि अक्काचे गुडघे दुखतात असं सांगू लागले.

अशात त्यांच्या सुनीनं चिपळूणच्या अलीकडं घर बांधलं. सुनी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तिकडं दवाखान्यात नर्स. वास्तुशांतीला आईनं जायचं असतं, लेकीची ओटी भरायची असते. अक्का गेली नाही. रेल्वेनं न्यायचा विचार झाला, पण गाड्या बदलायच्या, डब्यातल्या संडासापुढं रांगेत उभं राहायचं, हे ऐकूनच ती नको म्हणाली. सुनीनं फोनवर सगळं घर फिरवून दाखवलं. अक्का बघत राहिली आणि म्हणाली, "भिंती काय दावतीस गं? पानी कुठनं भरतीस ते दाव. वाळवन कुठं घालतीस?" फोन ठेवल्यावर ती गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दाजी त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत. एवढं मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका शाळेची मोडीत काढलेली लांबलचक बस विकत घेतली.

"काय करनार हिचं?" मी विचारलं.

"ऱ्हानार," दाजी म्हणाले. "मला साखर हाय. मला संडास बरुबर घिऊन हिंडायचंय."

शिक्रापूरला हायवेच्या कडेच्या एका वर्कशॉपमध्ये ती बस चढवली. तिथला मिस्त्री बिहारचा. त्यानं पहिल्याच दिवशी 'सेठजी' अशी हाक मारली. दाजी म्हणाले, "सेठ नई, दाजी बोलो." "दाजी मतलब?" "तुमारे बहन का हसबंड." मिस्त्रीनं हातातला हातोडा खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "मेरी तो बहन ही नहीं है, दाजी." तेव्हापासून दोघांची गट्टी जमली.

बसमध्ये दोन पलंग बसवले, गॅसचा ओटा केला, अक्काच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. आणि मागच्या कोपऱ्यात, दार लावून घेता येईल असा, धरायला स्टीलचा दांडा असलेला संडास. त्याच्या उद्घाटनाआधी दाजी रोज वर्कशॉपमध्ये जाऊन त्याच्यावर बसून बघत. दार उघडं, हातात पेपर, आणि बाहेरच्या मिस्त्रीला सूचना, "दांडा जरा खाली घे. अजून खाली. बाईमानसाचा हात पोचला पायजे... म्हंजी माझा." मैला साठवायची टाकी मात्र मागच्या चाकांच्याही मागं, गाडीच्या शेपटाखाली आली आणि जरा लोंबती राहिली. मिस्त्री म्हणाला, "दाजी, पीछे लटकेगा." दाजी म्हणाले, "लटकू दे. बसनारा लटकला न्हाई म्हंजी झालं."

गावानं गाडीला नाव ठेवलं, बंगला. बंगला आला, बंगला गेला, बंगला कॅनॉलवर धुताहेत. गाडी चालवणार मी, हे न विचारताच ठरलं होतं. दाजींना ट्रॅक्टर सोडून काही चालवता येत नसे, आणि ट्रॅक्टरही ते मागं तोंड करून गप्पा मारत चालवत. मोठ्या गाडीचं लायसन घरात माझ्याकडं एकट्याकडं. आणि अक्काचं एकच म्हणणं होतं, "गाडीवर परका मानूस नगं. बापू असंल तर येईन." मी हो म्हणालो. बंगल्यातून अक्का शिरूरला आली, केडगावच्या एका लग्नाला गेली आणि वरात निघेपर्यंत थांबली. किती वर्षांनी तिनं वरात पाहिली, ते तिचं तिलाच माहीत. वाटेत दोनदा मागून हाक आली, "बापू, घे जरा बाजूला." मी बाजूला घेतली. दाजी खाली उतरून रस्त्यावरच्या माणसांना सांगत उभे राहिले, "माझ्यासाठी थांबलोय. साखर."

मग चिपळूणचा विषय निघाला. कोणत्या घाटानं उतरायचं, यावर खुटबावच्या पारावर महिनाभर खल चालला. ताम्हिणी नको, झाडं फार, वरची पाण्याची टाकी खरवडून निघेल. वरंधा अरुंद. आंबेनळीचं नाव कुणी काढलं तर दाजी म्हणत, "त्यातनं ही गाडी म्हंजी बांगडीतनं रेडा." खंडाळ्यानं गेलं तर पुणं ओलांडायचं, आणि पुण्यात बंगला उभा राहिला की तिथंच घरपट्टी लागेल. राहिला कुंभार्ली. मोरगाव, नीरा, लोणंद, सातारा, उंब्रज, पाटण, कोयना आणि मग खाली. दाजी शिक्रापूरला ट्रकवाल्यांच्या धाब्यावर जाऊन बसत आणि प्रत्येकाला कुंभार्लीबद्दल विचारत. वळण किती, चढ किती, हे ते विचारतच नसत. त्यांचा प्रश्न एकच, "घाटात थांबाया सपाट जागा कुठं कुठं हाय?" ट्रकवाल्यांना वाटायचं, म्हातारा भित्रा आहे. मला माहीत होतं, ते कुणासाठी विचारताहेत.

एक पंजाबी ड्रायव्हर म्हणाला, "दाजी, ट्रेलर जाते हैं वहाँ से, आपकी बस क्या चीज़ है?" दाजी विचारात पडले. परत येताना मला म्हणाले, "पाव्हनं, ट्रेलरला मागं आपल्यावानी टाकी न्हाई लोंबत. वळनावर चढ आसंल आन् शेपूट घासलं, टाकी फुटली, तर भर घाटात काय व्हईल? तुमची बहीन पुना गाडीत बसंल का?"

हा प्रश्न खरा होता. त्यांनी त्यावर उपायही काढला. ऊस तुटून मोकळं झालेलं रान त्यांनी नांगरलं नाही. तिथं फक्कीनं, म्हणजे कबड्डीचं मैदान आखायच्या चुन्यानं, घाट आखला. यू आकाराची वळणं, एकाखाली एक. माती टाकून थोडा चढही केला. रविवारी मला बोलावलं आणि बंगला त्यातून फिरवायला लावला. अख्खं खुटबाव बघायला आलं. पोराटोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मी एकाही वळणाला फक्की पुसू दिली नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी फार खूष होतो. लोक म्हणाले, बापूनं शेतात घाट उतरवला.

गर्दीतून एक जण ओरडला, "दाजी, समदं हाय, पन दरी कुठाय?"

"दरी कशाला पायजे?" दाजी म्हणाले. "दरीत जायचंय का आपल्याला?"

सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर खरा घाट मोजायचं ठरलं. दाजींनी बांबूचा एक सांगाडा केला. लांबीला आपल्या बसएवढा, चाकांच्या जागी पाय, शेपटाला टाकीएवढी खाली लोंबणारी काठी. वळणावर हा रस्त्यात धरायचा. काठी टेकली की टाकी घासणार, नाही टेकली तर जाणार. त्याचे तीन तुकडे करून जीपच्या टपावर बांधले. लोणंदच्या अलीकडं एका टपरीवाल्यानं टपाकडं बघून हळूच विचारलं, "कोन गेलं, मामा?"

निघताना अक्कानं भाकरी बांधून दिली होती. म्हणाली, "सुनीकडं जाऊ नगंस हं आत्ता. आपन समदी संगंच जाऊ."

मी एकटाच निघालो होतो. घाट मी आयुष्यात कधी चालवला नव्हता. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. माझं सगळं ड्रायव्हिंग सपाटीवरचं. शिरूर, न्हावरा, चौफुला, दौंड, शिक्रापूर. पुढं रस्ता दिसतो, मागं कामगार झोपलेले असतात. घाटमाथ्यावर पोचलो, जीप लावली आणि कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं. खाली रस्ता दिसत होता, त्याच्याखाली तोच रस्ता, त्याच्याखाली पुन्हा तोच. त्यातून एक ट्रक वर येत होता, काडेपेटीएवढा. मी कठडा सोडून मागं आलो.

तिथं एका बाईंची चहाची टपरी होती. त्यांना विचारलं, "मोठ्या गाड्या जातात का हो खाली?"

"न जायला काय झालं? यष्ट्या जात्यात, ट्रेलर जात्यात. समदं जातंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय न्यायचंय?"

डोळ्यांपुढं बंगला आला. शेजारी दाजी 'घ्या पाव्हनं, घ्या' म्हणताहेत, मागं अक्का दांडा धरून बसली आहे, आणि कधी घाट न उतरलेला माझा पाय ब्रेकवर. बांबू टपावरून सोडलासुद्धा नाही. भाकरी खाल्ली नाही. जीप वळवली.

येताना वाटेत ठरवलं होतं, की सरळ सांगायचं, दाजी, मला भीती वाटते. अंगणात पोचलो तर दाजी उभेच.

"काय झालं? जाती का?"

"टाकी घासती, दाजी," मी म्हणालो. "खालच्या दोन वळणांवर."

एवढं बोललो आणि थांबलो. कमी बोलणाऱ्या माणसाचं खोटं लोकांना पटकन खरं वाटतं. दाजींनी एकही उलटा प्रश्न केला नाही. माझ्या पाठीवर थाप मारून अक्काला हाक मारली, "आगं, ऐकलं का? पाव्हनं गेलं म्हनून बरं झालं. दुसरा कुनी आसता तर म्हनला आसता, जातीया, आन् तुला घाटात बसवून आला आसता." अक्कानं पाण्याचा तांब्या आणून दिला. दारातच ती पाटीत सुनीसाठी कुरडया भरत बसली होती. ती पाटी तिनं तशीच उचलून आत नेली.

मग दाजी टाकी वर घ्यायच्या मागं लागले. पण मिस्त्री होळीला गावी गेला होता, तो लवकर परतेना. परतला तर वर्कशॉपमध्ये काम तुंबलेलं. तेवढ्यात पावसाळा आला. घाटात दरडी पडतात, दिवाळीनंतर बघू, असं दाजी म्हणू लागले. गावात मात्र सगळीकडं सांगत हिंडत, "आमच्या पाव्हन्यानं वाचिवलं." पारावर बसलेल्यांना, सोसायटीत, चौफुल्याच्या त्या हवालदारालासुद्धा. मी समोर असलो तर मला पुढं करत, "ह्ये बगा, घाट मोजनारा मानूस!" आणि मी मान खाली घालत असे. लोकांना वाटायचं, बापू नम्र आहे.

दिवाळी दाजींना दिसली नाही. भाद्रपदात सकाळी उसाला पाणी सोडायला गेले आणि बांधावरच बसले. लोक धावत गेले. त्यांतला एक 'काका, काका' करत त्यांना हलवत होता. त्याला दाजी म्हणाले, "दाजी म्हन." दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. दिवसांना सुनी आली होती; दाजींना आण्णा म्हणणारी ती एकटीच. माझ्याजवळ बसून म्हणाली, "मामा, बरं झालं तुम्ही तेव्हा घाटाची जोखीम घेतली नाहीत. आण्णा नेहमी फोनवर सांगायचे." मी उठून मांडवाच्या दोऱ्या आवळायला गेलो. त्या ढिल्या नव्हत्या.

या हिवाळ्यात मी रजा टाकून एकटाच पुन्हा कुंभार्लीला गेलो. या वेळी उतरलो. पहिल्या वळणाला घाम फुटला, दुसऱ्याला कमी फुटला, पुढं पुढं नुसताच रस्ता राहिला. एक लांब ट्रेलर माझ्यापुढं निवांत उतरत होता. त्याच्या मागं मागं गेलो. खालच्या वळणांवर जीप कडेला लावून सांगाडा जोडला आणि रस्त्यात धरला. एक दुचाकीवाला थांबून बघत राहिला. काठी टेकली नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. काठीखालून तळहात सरकवून पाहिला, तो सहज गेला. आणि वाटेत गाडी उभी करता येईल अशा सपाट जागा होत्या, चांगल्या रुंद. दाजी ज्या ट्रकवाल्यांना विचारत होते, त्यांनी खरंच सांगितलं होतं. मग मी माथ्यावर परत आलो. सुनीचं घर त्या खालच्या वळणांपासून फार लांब नव्हतं, पण एकट्यानं जाण्याचा मला हक्क नव्हता.

बंगला आज खुटबावला अंगणात उभा आहे. रविवारी मी जातो, इंजिन चालू करतो, थोडा फिरवून आणतो. कधी अक्का येते, कधी नाही म्हणते. आता रस्त्यावर उतरून 'माझ्यासाठी थांबलोय' म्हणणारं कुणी नाही, म्हणून तिला संकोच वाटतो. मागच्या रविवारी पडदे झटकता झटकता म्हणाली, "तेवढ्या दोन वळनांनी नाट लावला बग बापू. न्हाई तर ह्यांनी मला सुनीचं घर दावलं आसतं." मी एअर फिल्टर काढून पुसत होतो. तो स्वच्छच होता. तरी पुसत राहिलो.

दाजींना आता काही सांगता येणार नाही. अक्काला सांगता येईल. ती दोन वळणं कुठंही नव्हती, टाकी घासत नाही, मी भ्यालो होतो, हे तिला तोंडानं सांगणं आणि तिला सुनीच्या दारात नेऊन उतरवणं, एवढं माझ्याकडं बाकी आहे.